फोन कुणाच्या हातात?

इंदूरच्या सरवटे बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं एसटीडी-पीसीओचं, म्हणजे पैसे मोजून फोन लावायचं, दुकान होतं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी जे तीन-चार उद्योग करून पाहिले, त्यातला हा एकच टिकला. पिवळी पाटी, काचेची दोन खोकी, आत एकेक स्टूल आणि काउंटरवर लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून अकराच्या सुमाराला गर्दी व्हायची. बसचे कंडक्टर, परीक्षेसाठी इंदुरात राहिलेली पोरं, माल घ्यायला आलेले बाहेरगावचे व्यापारी, आणि आसपासच्या लॉजमध्ये राहणाऱ्या काही बायका. त्या बायका कोण हे मला पंधराव्या वर्षी कळत होतं, आणि कळत नाही असं दाखवायचंही कळत होतं. आई रामबागेतून निरोप पाठवायची, पोराला घरी पाठवा. बाबा म्हणायचे, असू दे, पैसे मोजायला लागतो.

त्या बायका फोन करायच्या तो गावी. खंडवा, बऱ्हाणपूर, भुसावळ, एखादी पार नांदेडला. तिकडे किराणावाल्याचा 'पीपी' नंबर असायचा. तो माणूस कुणाच्या तरी आईला हाक मारायला जायचा आणि तोवर इकडे मीटर पळायचं. मनिऑर्डर मिळाली का, पोराचा ताप उतरला का, एवढंच बोलणं. धंद्यासाठी मात्र त्यांना फोन लागत नसे. धंद्याचा फोन लॉजच्या काउंटरवर होता आणि तो मॅनेजर उचलायचा. गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायचं, भाव तो सांगायचा, आणि कोण आलंय हे बाईला दार उघडल्यावर कळायचं. तेव्हा मला यात विशेष काही वाटलं नव्हतं. गेली वीसेक वर्षं त्याच जागी मी मोबाइलचं दुकान चालवतो, सिम विकतो, डिस्प्ले बदलतो, आणि आता वाटतं की वेश्याव्यवसाय नि इंटरनेट यांवरची सगळी चर्चा त्या काउंटरपासूनच सुरू करायला हवी. फोन कोण उचलतं, इथून.

देशात मोबाइल आला १९९५ साली, पण तेव्हा आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. बाबा त्याला श्रीमंतांचा पेजर म्हणायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि आमचं दुकान दोन वर्षांत बसलं. पण याच गोष्टीनं त्या लॉजचं काउंटरही बसवलं. ज्या कामात बाईला फक्त फोन यायला हवा असतो, करायचा नसतो, तिथे इनकमिंग फुकट होणं म्हणजे काय ते बघा. जुन्या बाजारातून घेतलेला नोकिया आणि दहा रुपयांचं टॉपअप एवढ्या भांडवलावर तिचा स्वतःचा नंबर झाला. पहिल्यांदाच गिऱ्हाइकाचा आवाज मॅनेजरच्या आधी तिच्या कानावर पडला. दारू प्यायलाय का, एकटा आहे का, मागे किती जण हसतायत, हे आवाजावरून कळतं म्हणे. एकीनं मला सांगितलं होतं, "दादा, शिवी देणारा परवडतो. फार गोड बोलतो त्याला मी नाही म्हणते." खानदेशी होती. मी आईशी फोनवर मराठीत बोलत होतो ते ऐकून एकदम म्हणाली होती, "तुम्ही आपल्यातले का?" आणि मग वर्षानुवर्षं रिचार्जला माझ्याकडेच येत राहिली. यायचं आणखी एक कारण होतं. रिचार्जच्या दुकानातून बायकांचे नंबर विकले जातात ही गोष्ट तेव्हा बायकांना पक्की ठाऊक होती, वर्तमानपत्रांना फार नंतर कळली. माझ्या वहीत ती नंबर स्वतःच्या हातानं लिहायची आणि रिचार्ज झाल्यावर खोडून टाकायची.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. डेटा पाण्यासारखा झाला, व्हॉट्सॲपवर फोटो आणि लोकेशन पाठवता येऊ लागलं, आणि बसस्टँडमागच्या लॉजमधल्या त्या बायका हळूहळू दिसेनाशा झाल्या. गेल्या कुठे? विजयनगर, स्कीम नंबर ५४, बायपासच्या टाउनशिपा. जिथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव ठाऊक नसतं. आपल्या मंडळींना वाटलं गल्ली सुधारली. आमच्या शहराला २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर यायची सवय लागली आहे आणि त्याचा मलाही अभिमान आहे, पोहे-जिलेबीइतकाच. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते साफ झालं असं समजायची खोडही त्याबरोबर लागली आहे. धाडीच्या बातमीत इथले हिंदी पेपर अजूनही 'गंदगी' असा शब्द वापरतात तेव्हा मला कचऱ्याच्या पिवळ्या गाडीचं गाणं आठवतं आणि बरं वाटत नाही.

या विषयावर दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, मोबाइलनं हा धंदा घराघरात नेला, आधी निदान एका मोहल्ल्यात होता. दुसरी, थोडी शिकलेली, म्हणतात की इंटरनेटनं बाईला दलालापासून सोडवलं, आता ती स्वतःची मालकीण. पहिल्यांना बाईची फिकीर नसते, आपल्या सोसायटीची असते. दुसऱ्यांचं म्हणणं मला आवडलं असतं, पण माझ्याकडे दुरुस्तीला येणारे फोन ते म्हणू देत नाहीत. दोघांनाही मी एकच विचारतो. तिच्या फोनचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?

आधी कायद्याचं बघू, कारण तो फार मजेशीर आहे. आपला अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा १९५६चा, त्यात १९७८ आणि १९८६ साली दुरुस्त्या झाल्या. पैसे घेऊन संबंध ठेवणं हा त्या कायद्यानं गुन्हा नाही. गुन्हा त्याच्या भोवतीच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी आहेत. कलम ८ गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल आहे. शब्दांनी, खाणाखुणांनी, अंगप्रदर्शन करून, खिडकीत किंवा सज्जात बसून, सार्वजनिक जागेवरून दिसेल-ऐकू येईल अशा रीतीनं. खिडकी आणि सज्जा हे खरोखर त्या कलमात लिहिलेलं आहे. पहिल्यांदा सापडली तर बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच गुन्हा पुरुषानं केला तर सात दिवस ते तीन महिने. पुरुषाला सूट का, हे मला कुणा वकिलानं समाधानकारक सांगितलेलं नाही. असो. मुद्दा असा की फोनला खिडकीही नसते आणि सज्जाही नसतो. ज्या कलमावर पन्नास वर्षं बीटचा शिपाई हप्ता घेत आला, ते कलम मोबाइलनं निकामी केलं.

मग पोलिसांनी दुसरी कलमं काढली. कुंटणखान्याची व्याख्या बघा. दुसऱ्याच्या फायद्यासाठी, किंवा दोन अगर अधिक बायकांच्या परस्पर फायद्यासाठी वापरलेली कोणतीही जागा, खोली, वाहनसुद्धा. म्हणजे दोन मैत्रिणींनी भाडं वाचावं नि एकमेकींवर लक्ष राहावं म्हणून एक फ्लॅट घेतला, तर तो कुंटणखाना. एकटीनं घेतला तर नाही, पण तो देवळापासून, शाळेपासून, वसतिगृहापासून, दवाखान्यापासून दोनशे मीटरच्या आत नसावा. इंदुरात अशी जागा कुणी दाखवून दिली तर मी त्याला छप्पन दुकानवर नेऊन पोटभर खायला घालीन. शिवाय कलम ४. अठरा वर्षांवरचा जो कोणी तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. हे दलालासाठी लिहिलं होतं, पण तिचा कॉलेजात शिकणारा मुलगाही त्यात बसतो आणि म्हातारी आईही.

आता या कायद्याच्या शेजारी फोन ठेवून बघा. कायदा म्हणतो, एकटी राहा. फोन म्हणतो, एकटी असलीस तरी तुझ्या मैत्रिणीला तू कुठे आहेस ते दिसतंय. बायका निघताना लाइव्ह लोकेशन टाकून निघतात. दोन तासांत मेसेज आला नाही तर मैत्रीण फोन करते, तोही उचलला नाही तर हॉटेलच्या रिसेप्शनला करते. मारहाण करणाऱ्या, पैसे बुडवणाऱ्या, चोरून शूटिंग करणाऱ्या माणसांचे नंबर त्यांच्या गटांत फिरतात. असली यादी असलेला एक फोन माझ्याकडे डिस्प्ले बदलायला आला होता. उघडून वाचली नाही, पण काच बसवून तपासताना वरचे दोन-तीन संदेश दिसलेच: 'हा नंबर घेऊ नका', 'पट्टा काढतो'. पोलीस ठाण्यात यातली एकही तक्रार नोंदली जात नाही, कारण तक्रार करायला गेलेल्या बाईला आधी स्वतःचा धंदा सांगावा लागतो. ज्या बाईला चौकी नाही तिची चौकी म्हणजे हा गट.

इंदूरच्या माणसाला याचं महत्त्व पटवायला लांब जावं लागू नये. आपल्याकडे म्हातारी माणसं अजून बावला खून प्रकरण चवीनं सांगतात. मुमताज, होळकर दरबारातली नर्तकी, दरबार सोडून मुंबईला गेली. १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मलबार हिलवर तिच्या मोटारीवर इंदुरातून गेलेल्या माणसांनी हल्ला केला, तिच्यासोबतचा मुंबईचा व्यापारी अब्दुल कादर बावला मारला गेला, तिच्या चेहऱ्यावर वार झाले. पुढच्या वर्षी इंदूरच्या महाराजांना, तिसऱ्या तुकोजीराव होळकरांना, गादी सोडावी लागली. सांगणारे गादीबद्दल हळहळतात. मला दर वेळी दुसरंच आठवतं. ती वाचली कारण गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज अधिकारी नेमके त्याच वेळी त्या रस्त्यानं आले. नाही म्हणून निघून गेलेल्या बाईचं संरक्षण योगायोगावर होतं. आज निदान एका मैत्रिणीला तिचा ठिपका नकाशावर दिसतो.

इथपर्यंत मी मोबाइलच्या बाजूचा वकील झालो. आता दुसरी बाजू, आणि ती मी दुकानातच पाहिलेली आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी एक पोरगा सात फोन घेऊन आला. सगळ्यांत व्हॉट्सॲप बिझनेस टाकून द्या म्हणाला. वय बावीस-तेवीस, गळ्यात हेडफोन, बोलणं एकदम इंदुरी 'भिया' थाटाचं. मी विचारलं कशाला, तर म्हणाला मॅरेज इव्हेंटचं काम आहे. फोन सेट करता करता एकेक नोटिफिकेशन येत गेलं आणि इव्हेंट कसला ते कळलं. सात फोनांवर सात बायकांच्या नावानं तोच बोलायचा. मी येते, मी वाट बघते, ॲडव्हान्स टाक. गिऱ्हाइकाला वाटतं आपण बाईशी बोलतोय. बाईला फक्त पत्ता आणि वेळ येते. कोण येणार, काय ठरलंय, कशाला हो म्हटलंय, हे तिला पुन्हा दार उघडल्यावरच कळणार. म्हणजे लॉजचा मॅनेजर परत आला की! फरक इतकाच की तेव्हा मॅनेजरचं तोंड तरी बाईला माहीत होतं. जाहिरात टाकायचे पैसे, ती यादीत वर ठेवायचे पैसे, फोटो 'एडिट' करायचे पैसे, मग कमिशन. त्या पोराला मी पुढच्या खेपेला उभं केलं नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं, सात सिम कुणाच्या आधारवर घेतली असतील या विचारानं पोटात गोळा आला होता.

आणि फोन ज्यांच्या हातात कधीच येत नाही अशाही आहेत. इंदूरहून रतलाम, मंदसौर, नीमच असं वर गेलं की हमरस्त्याला लागून बांछडा समाजाचे डेरे लागतात. मुलीनं याच कामाला लागावं अशी रूढी तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आली. मध्य प्रदेश सरकारनं १९९२ साली जाबाली योजना काढली ती बांछडा, बेडिया, सांसी समाजांतल्या या प्रथेसाठीच. त्या समाजातल्या मुली शिकून बाहेर पडत आहेत, आणि कुणाच्याही माथ्यावर जातीचा शिक्का मारायची मला इच्छा नाही. पण जिथे मुलगी वयात यायच्या आधीच तिचं भवितव्य घरात ठरलेलं असतं, तिथे स्मार्टफोन आला तरी तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो. तसंच नोकरीच्या आमिषाचं. ब्युटी पार्लर, इव्हेंट, मॉडेलिंग असं सांगून इन्स्टाग्रामवर मुलींशी गोड बोलणारे आहेत, आणि पोचल्यावर त्या मुलीच्या हातून पहिली गोष्ट काढून घेतली जाते ती फोन. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत संमती हा शब्दच उच्चारू नये, तिथे पोलिसांनी दार तोडावं. माझा वाद त्याबद्दल नाही.

म्हणूनच मला हा पासवर्डचा प्रश्न बिनकामाचा वाटत नाही. धाड घालणाऱ्या अधिकाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचं असेल की समोरची प्रौढ बाई स्वतःच्या मर्जीनं इथे आहे की तिला कुणी बसवलंय, तर त्याच्यापुढे एक साधी कसोटी आहे. फोन तिच्याकडे आहे का? तो उघडतो तिच्या बोटानं की दुसऱ्याच्या? गिऱ्हाइकाला उत्तरं कोण देतं? पैसे कुणाच्या खात्यात जातात? या चार उत्तरांतून जेवढं कळेल तेवढं पंचनाम्याच्या चार पानांतून कळत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते इंदुरात राहणाऱ्याला सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये शहराला पोलीस आयुक्त मिळाले, मात्र धाडीच्या बातमीची भाषा बदलली नाही. स्पावर किंवा फ्लॅटवर छापा, 'आपत्तिजनक हालत में', 'आपत्तिजनक सामग्री', आणि शेवटच्या ओळीत इतके मोबाइल जप्त. त्याआधी ओढणीनं तोंड झाकून जिन्यावरून उतरणाऱ्या बायकांचा व्हिडिओ. तो बहुधा खात्यातल्याच कुणाच्या फोनवर घेतलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत आमच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांतही येतो. गणपतीच्या वर्गणीच्या हिशोबाखाली.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात आदेश दिला. तेव्हा सगळीकडे बातमी आली की आता धाडीत बायकांना पकडता येणार नाही. ती बातमी अर्धवट होती. न्यायालयानं नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशी होत्या. त्यांपैकी चारांवर केंद्र सरकारनं हरकत नोंदवली, आणि धाडीत बाईला अटक करू नये, त्रास देऊ नये ही शिफारस नेमकी त्या चारांतली. उरलेल्या सहा मात्र राज्यांनी काटेकोर पाळाव्यात असं राज्यघटनेच्या कलम १४२ खाली सांगितलं गेलं. त्यांत पोलिसांनी या बायकांशी माणुसकीनं वागावं हे आहे. धाडीच्या वेळी त्यांची ओळख उघड होऊ नये, सुटकेच्या नावाखाली त्यांचं चित्रण दाखवणाऱ्यांवर चोरून पाहण्या-टिपण्याचं कलम लावावं, हे आहे. आणि आणखी एक फार मोलाचं वाक्य आहे: आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी त्या जी साधनं वापरतात, उदाहरणार्थ कंडोम, ती गुन्हा मानू नयेत आणि गुन्ह्याचा पुरावाही मानू नयेत.

या वाक्यामागे इतिहास आहे. एड्सच्या काळात एकीकडे सरकार कंडोम वाटायचं आणि दुसरीकडे पोलीस पर्समध्ये कंडोम सापडला की तो पुरावा म्हणून बांधायचे. साहजिकच बायका कंडोम ठेवेनाशा झाल्या. ही विसंगती न्यायालयाच्या आदेशात यायला किती वर्षं गेली ते बघा. आता मी विचारतो, फोन सुरक्षिततेचं साधन नाही का? लाइव्ह लोकेशन, वाईट गिऱ्हाइकांची यादी, आवाज ऐकून नाही म्हणण्याची सोय, आजारपणात एचआयव्ही कार्यकर्तीचा नंबर, हे सगळं त्या एका वस्तूत आहे. स्वतःच्या मर्जीनं काम करणाऱ्या प्रौढ बाईचा फोन जप्त करणं हे पर्समधला कंडोम जप्त करण्यासारखंच आहे. उद्यापासून ती कमी सुरक्षित होते आणि नवा फोन, नवं सिम देणाऱ्या त्या सात फोनांच्या पोऱ्याकडे जाते. धाडीनं दलाल मोडत नाही. दलालाला एक कामगार मिळते.

कुणी म्हणेल, मग मुळातच या जाहिरातींच्या साइट बंद करा ना. अमेरिकेनं ते करून पाहिलंय. एप्रिल २०१८ मध्ये बॅकपेज ही साइट सरकारनं ताब्यात घेतली, आणि आठवड्याभरातच फोस्टा-सेस्टा हा कायदा झाला. वेश्याव्यवसायाला मदत होईल असा मजकूर ठेवणाऱ्या साइटवर फौजदारी. तीन वर्षांनी तिथल्याच सरकारी हिशोबतपासनिसांनी अहवाल दिला की या नव्या फौजदारी कलमाचा वापर तोवर फक्त एका खटल्यात झाला होता. साइट परदेशात गेल्या, विखुरल्या, आणि तपास करणं पूर्वीपेक्षा अवघड झालं हेही त्याच अहवालात आहे. आपल्याकडे तर टेलिग्रामचा एक गट बंद झाला की चहा गाळेपर्यंत दुसरा उघडतो. बंदीनं बायकांना जाहिरात लपवावी लागते, आणि लपवायला मदत लागते, आणि ती मदत फुकट मिळत नाही.

फोनचा आणखी एक जाच आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लॉजच्या काळात बाईचं कामाचं नाव वेगळं आणि गावचं वेगळं असायचं, दोघांची गाठ कधी पडायची नाही. आता एकच नंबर दोन्हीकडे असतो. गिऱ्हाइकांनी तो आपापल्या फोनमध्ये काय काय नावानं साठवलेला असतो, आणि नंबर ओळखून दाखवणारी ॲपं तीच नावं गोळा करून जगाला दाखवतात. मुलाच्या शाळेत बाईंना फोन लावला की समोरच्या पडद्यावर शिवी उमटते. यूपीआयनं पैसे घ्यावेत तर बँकेतलं खरं नाव दिसतं, म्हणून पुन्हा रोख. २०२०च्या टाळेबंदीत कित्येक जणी व्हिडिओ कॉलवर आल्या, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. त्या सप्टेंबरात ओळखपत्राचा आग्रह न धरता यांना शिधा द्या असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, यावरून कल्पना करा. त्या कॉलचं समोरच्यानं केलेलं रेकॉर्डिंग मात्र टाळेबंदी उठल्यावरही उरलं. ते पुसायचं कुणाकडे मागायचं? माहिती तंत्रज्ञान कायद्यात खासगीपणाच्या भंगाचं कलम आहे, १९३० हा सायबर मदतीचा क्रमांक आहे. पण तिथे तक्रार देणारी 'चांगल्या घरची' असावी असं गृहीत धरलेलं असतं.

याच लाजेवर दुसरीकडे पुरुष लुटले जातात. न दिसणाऱ्या बाईच्या नावानं ॲडव्हान्स मागणारे, व्हिडिओ कॉल लावून त्याचं चित्रण दाखवून खंडणी मागणारे. हरियाणा-राजस्थानातल्या मेवातकडच्या या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. माझ्या दुकानात एक निवृत्त गृहस्थ सिम बंद करायला आले होते, हात थरथरत होते. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं. पण शहर त्यांना 'फसवणूक झालेले' म्हणतं आणि ज्या बाईचा चोरलेला फोटो त्यात वापरला तिला काहीच म्हणत नाही, हे जरा बघावं. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली झालेली पहिली शिक्षा, चेन्नई, नोव्हेंबर २००४, कशासाठी होती? लग्नाला नकार दिलेल्या एका घटस्फोटित बाईचा नंबर एकानं इंटरनेटवर ती वेश्या आहे असं भासवून टाकला होता आणि तिला फोनांवर फोन येऊ लागले होते. त्या बाईला न्याय मिळाला हे उत्तमच झालं. पण तेच फोन, त्याच शिव्या, खरोखर हे काम करणाऱ्या बाईला आल्या तर त्याला आपण गुन्हा म्हणू का? मी हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर टाकला तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग एकानं चहा सांगितला.

आरोग्याच्या कामालाही नवा नकाशा लागणार आहे. एड्स नियंत्रणाचं सगळं काम 'हॉटस्पॉट'वर उभं होतं. बसस्टँड, चौक, लॉज, जिथे बायका उभ्या राहतात तिथे त्यांच्यातलीच एक प्रशिक्षित कार्यकर्ती कंडोम आणि तपासणीची चिठ्ठी घेऊन जायची. आता हॉटस्पॉट म्हटलं की फोनमधला आठवतो, आणि बाई कुठे तर बायपासला अकराव्या मजल्यावर. कार्यकर्ती तिथपर्यंत पोचणार ती फोनवरूनच, आणि बाईनं सिम बदललं की ती हरवली. दर धाडीनंतर सिम बदलतं. म्हणजे सरकारचं एक खातं दुसऱ्या खात्याचं काम दर महिन्याला पुसतंय.

माझं मागणं फार मोठं नाही. कायदा बदलायला दिल्ली लागते. पण स्वेच्छेनं काम करणाऱ्या प्रौढ बाईचा फोन जप्त करू नका, तपासाला माहिती हवी असेल तर तिच्यासमोर नोंद करून तो परत द्या, ही सूचना द्यायला एका शहराच्या आयुक्तांची सही पुरते. भीक देण्यावर बंदीचा आदेश १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात लागू झालाच ना? असले आदेश इथे निघू शकतात. एखादा कधी दुसऱ्या दिशेनंही निघावा.

त्या खानदेशी बाईचं सांगायचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात बऱ्याच महिन्यांनी आली. तोंडाला ओढणी, पण पावसामुळे असेल. फोन पोलिसांकडे जमा झाला होता. सुपुर्दगीचा अर्ज करा, कोर्टातून मिळतो, मी म्हणालो. "वकील हजार मागतो दादा, आणि नाव सांगावं लागतं." मग म्हणाली, फोन जाऊ दे, पण नंबर तोच काढून द्या. पोराच्या होस्टेलवर तोच दिलेला आहे, तो आठवड्यातून एकदा रविवारी लावतो. मी मशीन पुढे ओढलं, आधार मागितलं, नंबर टाकला. सिम तिच्या नावावर नव्हतं. कुणाच्या नावावर आहे विचारलं तर ती गप्प राहिली. त्या दिवशी शुक्रवार होता.